चष्मा जातो, पण रात्रीचे दिवे?

येवल्याकडच्या काही पालकांनी विचारले आहे की, मुलाचा मायनसचा नंबर लेसरने काढून टाकावा काय? मुलगा रेल्वेच्या भरतीची तयारी करतो आहे, चष्म्यापायी संधी जाऊ नये ही त्यांची काळजी. मनमाड जंक्शन जवळ, तेव्हा रेल्वेची नोकरी हे तिकडे घरोघरचे स्वप्न. म्हणून आधी तेच सांगतो. असिस्टंट लोको पायलटच्या जागेला लेसर केलेला उमेदवार चालत नाही. 2024 च्या भरतीच्या जाहिरातीत तसे स्पष्ट छापले होते. इतर पदांचे नियम निरनिराळे आहेत. ऑपरेशनचे पैसे भरण्याआधी जाहिरातीतले वैद्यकीय नियमांचे पान कुणा जाणत्याकडून वाचून घ्यावे.

आता डोळ्यात नेमके काय होते ते पाहू. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. लांबचे न दिसणाऱ्या डोळ्यात प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. लेसर कॉर्नियाचा मधला भाग किंचित झिजवून सपाट करतो, मग प्रकाश योग्य जागी पोचतो. एका नंबरामागे सुमारे 12 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले 12 भाग जातात. सहा नंबर असेल तर सत्तरच्या वर. गेलेला थर पुन्हा भरून येत नाही.

निसर्गाने दिलेला कॉर्निया मध्ये जास्त गोल आणि कडेला सपाट असतो, अंड्याच्या निमुळत्या टोकासारखा. लेसरनंतर उलटे होते. मध्य सपाट, कडा जास्त वाकलेली. पालथे पातेले डोळ्यांसमोर आणा; अगदी तितके नव्हे, पण तऱ्हा ती. दिवसा बाहुली लहान असते, प्रकाश मधल्या भागातूनच आत जातो आणि तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. रात्री बाहुली मोठी होते. मग कडेचा प्रकाशही आत शिरतो आणि तो वेगळ्या ठिकाणी जुळतो. समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती कडे दिसते, उजेड पसरतो. नंबर जितका मोठा, तितका हा त्रास होण्याची शक्यता जास्त. नव्या यंत्रांनी तो कमी केला आहे, पुष्कळांचा काही महिन्यांत निवळतो, पण सगळ्यांचाच नाही. रात्रपाळीला गाडी चालवणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

ज्याचा कॉर्निया मुळातच पातळ किंवा शंकूसारखा पुढे आलेला आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. पडदा आणखी कमकुवत होऊन फुगतो व नजर बिघडते. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका. अठरा वर्षांच्या आत आणि नंबर वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय तर नाहीच. मुलगा सारखे डोळे चोळत असेल तर तेही सांगा, त्याने कॉर्नियाचा आकार बिघडू शकतो.

पैठणीच्या मागावर बसणाऱ्यांना एक वेगळे सांगणे आहे. दोन-अडीच मायनस नंबराचा विणकर चाळिशीनंतर चष्मा काढून जरीची तार बघतो, आणि त्याला ती स्वच्छ दिसते. ही त्या नंबराचीच देणगी! लेसरने नंबर गेला की लांबचे दिसेल, पण तार बघायला चाळिशीचा चष्मा लावावा लागेल. ज्याचे पोट हातभर अंतरावरच्या धाग्यावर चालते, त्याने हा हिशेब करावा.

आणखी एक. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून ठरतो. लेसर झालेल्या कॉर्नियावर नेहमीचे माप फसते, आणि भिंग कमी ताकदीचे बसू शकते. आता त्यासाठी वेगळी सूत्रे आहेत, पण लेसर झाले होते हे डॉक्टरांना कळले तरच ती वापरतील. तेव्हा ऑपरेशनपूर्वीचा नंबर आणि तो कॉर्नियाचा नकाशा रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा, वीस-तीस वर्षांनी लागेल.