आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा आईच

‘गरोदरपणात आईची हार्मोन्स बिघडली होती, म्हणून मूल स्वमग्न झालं,’ असं आता सर्रास बोललं जातं. बोलणारे संशोधनाचा दाखला देतात. दाखला खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. आईवर ठपका ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन केलं आणि पुढे त्यांच्या आईबापांच्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासून आनुवंशिकतेचा पुरावा पुढे ठेवला, तेव्हा कुठे हा आरोप ढासळू लागला. तोवर कितीतरी आया ‘माया कमी पडली’ म्हणून अपराधी ठरल्या होत्या. आता मायेच्या जागी हार्मोन आलं आहे.

ज्या संशोधनाचा आधार घेतला जातो, ते आधी नीट पाहू. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये जपून ठेवलेलं गर्भजल तपासलं. पुढे स्वमग्न ठरलेल्या १२८ मुलग्यांच्या गर्भजलात टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल अशा हार्मोन्सचं प्रमाण सरासरीनं जास्त होतं, असं त्यांनी २०१५ मध्ये दाखवलं. २०१९ मध्ये इस्ट्रोजेनबाबतही तसंच आढळलं. पण ही हार्मोन्स कोणाची? मुलग्याच्या गर्भाचे वृषण स्वतःच टेस्टोस्टेरॉन बनवतात. गरोदरपणातलं इस्ट्रिऑल बनतं ते मुख्यतः गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींनी पुरवलेल्या कच्च्या मालावर वारेनं केलेल्या प्रक्रियेतून. म्हणजे गर्भजलातला आकडा आई, वार आणि बाळ या तिघांच्या कामाचा हिशेब आहे, आणि त्यात बाळाचा वाटा मोठा. तो आईच्या एकटीच्या खात्यावर मांडणं शरीरशास्त्राला धरून नाही. जी जनुकं मेंदूच्या घडणीवर परिणाम करतात, त्यांचाच परिणाम या हार्मोन्सवरही होत असेल, ही शक्यता आहेच. पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात स्वमग्नतेतला आनुवंशिक वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. शिवाय गर्भजल ज्यांचं काढलं गेलं, त्या गरोदर स्त्रिया सरसकट निवडलेल्या नव्हत्या. काही वैद्यकीय कारण असल्याशिवाय ही तपासणी सहसा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, स्त्रियांमधल्या पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या हार्मोनच्या विकाराचं काय? तिथे तर हार्मोन्स आईचीच. हा आक्षेप वजनदार आहे. २०१६ च्या स्वीडिश अभ्यासात पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त आढळली. हा आकडा ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. मात्र २०१८ च्या ब्रिटिश अभ्यासातले आकडे शेजारी ठेवा: पीसीओएस असलेल्या आयांमध्ये स्वमग्न मूल होण्याचं प्रमाण २.३ टक्के, नसलेल्यांमध्ये १.७ टक्के. शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक मुलांना पीसीओएसच्या आईपोटी येऊनही स्वमग्नता नसते. शिवाय पीसीओएसही घराण्यातून चालत येतो, त्यामुळे इथेही जनुकं आणि हार्मोन वेगळी काढणं सोपं नाही.

मग हे संशोधनच थांबवावं का? मुळीच नाही. आयांना दुखावेल म्हणून प्रश्न विचारणंच टाळलं, तर उद्या कुठलाही भोंदू उत्तर घेऊन उभा राहील. उदाहरणार्थ, पहिल्या काही महिन्यांत गर्भ थायरॉइड हार्मोनसाठी आईवर अवलंबून असतो, हे पक्कं ठाऊक आहे. रॉटरडॅममधल्या २०१३ च्या अभ्यासात सुरुवातीच्या काळात थायरॉक्सिन फारच कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणं सुमारे चौपट आढळली. ती पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून टिपलेली होती, निदान झालेली नव्हती, आणि उपचारानं ती टळतात असं त्यातून सिद्ध होत नाही. तरीही थायरॉइड तपासून घेण्याला आईची स्वतःची प्रकृती हे कारण पुरेसं आहे. गर्भजलाच्या आकड्यांवरून मात्र स्वमग्नतेची चाचणी करता येत नाही. खुद्द केंब्रिजच्या संशोधकांनीच तसा वापर करू नये असं बजावलं आहे.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एवढीच विनंती: स्वमग्न मुलाच्या आईला ‘तेव्हा तुझं काय बिघडलं होतं?’ असं विचारू नका. आणि जी आज गरोदर आहे, तिनं हार्मोन्सबद्दलच्या असल्या बोलण्यानं घाबरून डॉक्टरांनी दिलेली थायरॉइडची गोळी आपल्या मनानं बंद करू नये.