पट मारणारा वळू आणि त्याच्या लेकी



सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासाठीचा कायदाही ग्राह्य धरला. तेव्हापासून आपल्याकडे शंकरपटाच्या गप्पांना पुन्हा रंग चढला आहे. भोकरदन भागातल्या एका शेतकऱ्याने विचारले आहे, "पट मारलेल्या वळूकडून गाय फळवायची आहे. मालक पैसे भारी सांगतो. द्यावेत का?" याचे उत्तर देण्याआधी एका घोड्याची हकीकत सांगतो.

घोडा अमेरिकेतला, नाव सेक्रेटरिएट. जात थरोब्रेड, म्हणजे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावतात तीच. ३० मार्च १९७० रोजी व्हर्जिनिया राज्यात तो जन्मला. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. बोल्ड रूलरचा मालक घोडा लावण्याचे पैसे न घेता शिंगरे वाटून घेई, आणि पहिली निवड कोणाची हे नाणेफेकीवर ठरे. १९६९ साली या घोडीचा कारभार पाहणाऱ्या पेनी चेनरी या बाई नाणेफेक हरल्या. हरणाराच्या वाट्याला जे पोटातले शिंगरू आले, तेच हे!

१९७३ साली तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असलेल्या तिन्ही मोठ्या शर्यती त्याने मारल्या. पंचवीस वर्षांत हे कोणाला जमले नव्हते. ९ जूनची बेलमाँट शर्यत सुमारे २४०० मीटरची. ती त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत संपवली, तेव्हा दुसरा घोडा ३१ घोड्यांच्या लांबीइतका मागे होता. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण हा घोडाही हरत असे. एकूण २१ शर्यतींत तो १६ वेळा पहिला आला. एकदा तर तोंडात गळू झाल्यामुळे मागे पडला.

आता पैशाची गोष्ट. या तीन शर्यती व्हायच्या आधीच त्याच्या पैदाशीचे ३२ हिस्से पाडून प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरना विकले गेले होते. शर्यती संपल्यावर त्याला केंटकी राज्यातल्या क्लेबोर्न फार्मवर नेले. तिथे वीर्य तपासले, तेव्हा काही शंका निघाली. मग आधी दुसऱ्या जातीच्या साध्या घोड्या लावून तो फळतो की नाही याची खात्री करून घेतली. एवढ्या नावाच्या घोड्याची ही तपासणी! आपण मात्र वळूचे वशिंड आणि शिंगे पाहून मान डोलावतो.

त्याला साडेसहाशेच्या वर शिंगरे झाली. प्रत्येक हिस्सेदाराला वाटे, आपल्या घोडीला दुसरा सेक्रेटरिएट होणार. चांगली निपजली, नाही असे नाही. लेडीज सीक्रेट ही घोडी १९८६ मध्ये देशात सर्वोत्तम ठरली, रायझन स्टारने १९८८ मध्ये तीनपैकी दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. पण बापासारखा एकही झाला नाही. लोक म्हणू लागले, घोडा पळायला चांगला, पैदाशीला बेताचा.

४ ऑक्टोबर १९८९ रोजी खुरांच्या असाध्य सुजेमुळे त्याला दयामरण द्यावे लागले. (खुरांची ही सूज आपल्या गाईंनाही येते. एकाएकी भरडधान्याचा मारा करू नका.) खरी गंमत पुढे आहे. त्याच्या लेकींच्या पोटी स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट, ए. पी. इंडी असे घोडे झाले आणि पुढे तेच नामांकित पैदाशीचे घोडे ठरले. १९९२ मध्ये ए. पी. इंडीने बेलमाँट जिंकली, आणि त्याच वर्षी आईकडच्या आजोबांच्या यादीत सेक्रेटरिएट पहिला आला. तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

असे का व्हावे? वासराला निम्मे गुण बापाचे, निम्मे आईचे मिळतात, आणि बापाचे निम्मे म्हणजे नेमके कोणते, ते दर वेळी वेगळे. हजारात एक असलेल्या जनावराची पोरे बहुधा चांगली निघतात, पण बापाच्या खालीच राहतात. शिवाय काही गुण नराच्या अंगावर दिसतच नाहीत. वळू काही दूध देत नाही. त्याचे दूध त्याच्या आईच्या कासेत आणि लेकींच्या कासेत शोधावे लागते. म्हणून सुधारित वळूंची परीक्षा त्यांच्या लेकींच्या दुधावरून करतात.

तेव्हा भोकरदनच्या बंधूंनो, पटातली बक्षिसे पाहून पैसे मोजू नका. मालकाला विचारा, याची आतापर्यंत किती वासरे झाली, कुठे आहेत, पळतात का? दोन-चार गोठे पायी फिरून या. वासरेच नसतील, तर तुम्ही नावाचे पैसे देत आहात असे समजा. आणि आपली गाय कशी आहे, हेही बघा. काटकुळ्या, वारंवार उलटणाऱ्या गाईला कोणताही वळू तारणार नाही. दुधासाठी गाय फळवायची असेल, तर देवणी किंवा लाल कंधारीसारख्या आपल्या जातीच्या गाईला त्याच जातीची रेतमात्रा भरावी. गावच्या वळूपासून गर्भपाताचे रोग पसरू शकतात, ती भीती कृत्रिम रेतनात फार कमी.

थरोब्रेड घोड्यांत मात्र कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा प्रत्यक्षच लावावा लागतो. पण प्रत्येक शिंगराच्या आईबापांची नोंद होते. भारतातल्या या घोड्यांची वंशावळ पुण्याहून ठेवली जाते. आपल्याकडे कोणती कालवड कोणत्या वळूची, हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय समजत नाही! रेतमात्रेच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. डॉक्टरांनी कांडी वापरली की तो क्रमांक वहीत उतरवून घ्या, पुढे तारीख आणि गाईचे नाव लिहा. गावात एकच वळू असेल, तर साधारण तीन वर्षांनी तो बदला. तोवर त्याच्याच लेकी माजावर येऊ लागतात.