सीमेवरची नजर लालबागच्या गच्चीवर

मुंबई : टेकडीपलीकडचा शत्रू हेरण्यासाठी जवानाने हातातून हवेत भिरकावायचे अमेरिकी टेहळणी विमान 'रेव्हन' जेमतेम दोन किलोचे आहे. मात्र अशा विमानाला उडण्या-उतरण्यासाठी मोकळे मैदान लागते. लालबाग-परळच्या चाळींत ते मिळणे कठीण. तेथे जागेवरूनच सरळ वर उडणारे 'नेत्र'सारखे ड्रोन सोयीचे ठरते. पवईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांच्या 'आयडियाफोर्ज' कंपनीने ते डीआरडीओच्या सहकार्याने विकसित केले. याच कंपनीशी लष्कराने 2021 मध्ये 'स्विच' ड्रोनच्या खरेदीचा करार केला.

लष्करी गरजेतून वाढलेले हे तंत्र आता शहरातही रुळले आहे. 2025 च्या गणेश विसर्जनावेळी मुंबई पोलिसांनी ड्रोनमधून गर्दीवर नजर ठेवली. चेंगराचेंगरी टाळण्यासाठी त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे.

मात्र 2021 चे ड्रोन नियम मुख्यत: नोंदणी व उड्डाणक्षेत्रापुरते आहेत. गच्चीवरील, गॅलरीतील रहिवाशांचे चित्रण कोणी पाहावे, किती काळ जपावे, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच दिला आहे. त्यामुळे पुढील गणेशोत्सवापूर्वी या चित्रणाविषयीचे नियम जाहीर होणे आवश्यक ठरते.