वेल काढली तर काय उरते?

मराठीच्या वर्गात आम्हांला अलंकार शिकवले गेले ते दागिन्यांसारखे. उपमा ओळखा, रूपक ओळखा, गुण मिळवा. त्यातूनच पुढे एक मत रुजले : शोक साध्या शब्दांत लिहावा, प्रतिमा आली की दुःख खोटे होते. हे मत आम्हांला मान्य नाही.

खोटी असते ती उसनी प्रतिमा. दुःखाचा डोंगर कोसळतो, अश्रूंचा बांध फुटतो, काळजाचा तुकडा जातो. हे शब्द कुणाच्याही घरातल्या मयताला चालतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. आमच्या स्वतःच्या कथांमध्येही असे डोंगर कमी कोसळलेले नाहीत, हे कबूल. पण म्हणून प्रतिमेलाच हद्दपार करणे म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणे आहे.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकरवर बेफिकीर, कोरडा असा शिक्का मारणारे वाचक अजूनही भेटतात. त्यांनी मनीच्या मृत्यूचा भाग पुन्हा वाचावा. धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. पांडुरंगला त्या मरणात एक मोठी वेल सुकताना दिसते. एका चिमुरड्या पोरीबरोबर, तिच्या कुशीतून पुढे जे जे जन्मले असते ते सगळे गेले, हा त्याचा हिशेब आहे.

आता हा हिशेब मांडणारा माणूस पाहा. बापाशी त्याचे पटत नाही. घर, इस्टेट, वंश यांचे ओझे त्याला नको आहे. पण बहीण गेल्यावर त्याच्या तोंडी येते ती पुण्याच्या कॉलेजातली विद्या नव्हे; येते ती शेतकऱ्याच्या घरातली वेल आणि वंशाचीच चिंता. घर नाकारल्याचे तो स्वतः सांगतो. ते नाकारता आले नाही, हे वेल सांगते.

एरवी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत तो जगाला चार हात लांब ठेवतो. त्या वेलीपुढे 'वगैरे' जोडून पाहा. जुळत नाही.

साधेपणाच्या कैवाऱ्यांना आमचा सवाल आहे : ही प्रतिमा खोडून 'त्याला फार दुःख झाले' एवढेच ठेवले तर उरते काय? बातमी. देवीचा रोग १९७५ नंतर आपल्या देशात राहिला नाही. आजच्या तरुण वाचकाने त्याचा रोगी पाहिलेला नाही. तरी मनी त्याच्या जिव्हारी लागते, ती त्या वेलीमुळे.

तेव्हा प्रतिमा सुंदर आहे का, हे नंतर विचारा. ती याच माणसाला सुचली असती, की कुणालाही, हे आधी विचारा. कुणालाही सुचणारी असेल तर खुशाल खोडा, आमचीही खोडा. त्याचीच असेल तर तिला हात लावू नका. तो माणूस तेवढ्याच जागी सापडतो.