घागरा? छे, किल्ट!

दोस्तांनो, मुलग्यांच्या गणवेशात घागरा म्हटलं, की तुम्ही खी खी करणार! पण स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १९०८ सालापासून क्वीन व्हिक्टोरिया स्कूल आहे. तिथले मुलगे संचलनाला चौकडीचा, चुण्याचुण्यांचा किल्ट घालतात. अशा किल्टला ६-७ मीटर कापड लागतं. खिसा मात्र नाही! म्हणून पुढे कमरेला ‘स्पोरन’ नावाची पिशवी. (गोट्या तिथंच ठेवत असतील.)

आता हसू आवरा नि ऐका. १७४५च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारने कायदाच केला. सैनिक सोडून स्कॉटलंडमधल्या कुणा पुरुषाने वा मुलाने हा पोशाख घालायचा नाही. सापडला तर ६ महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर ७ वर्षं हद्दपारी, थेट समुद्रापार! १७८२ साली कायदा रद्द झाला, तेव्हा कुठे मुलांना आजोबांसारखा किल्ट उजळ माथ्यानं घालता आला.