प्रिंट काढा, बँकेत जा!

‘पेपरलेस’ हा शब्द हिंजवडीत चहापेक्षा स्वस्त आहे. आमची टीम कंपन्यांसाठी खरेदीचं सॉफ्टवेअर बनवते. व्हेंडरचं बिल आलं, साहेबांच्या स्क्रीनवर एक क्लिक, अकाउंट्सकडे दुसरं क्लिक, पैसे जमा. विषय संपला! पण हेच सरकारी शाळेत गेलं की काय होतं, ते मला आमच्या मावशीनं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका होती ती. गेल्या वर्षी रिटायर झाली.

आधी जुना कारभार ऐका. पाण्याची मोटर घ्यायची तर तीन दुकानांची दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग बिल, व्हाउचर, कीर्द आणि शेवटी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. चेकवर दोन सह्या, एक मावशीची, दुसरी समितीच्या अध्यक्षांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, म्हणजे अध्यक्ष गावातलेच. सही हवी असेल तर मावशी थेट त्यांच्या उसाच्या फडात! आणि तीन दरपत्रकांपैकी दोन एकाच अक्षरात लिहिलेली असतात, हा किस्सा तर कुठल्याही ऑडिटरला विचारा. तेव्हा मंडळी, हा कागद गेला तर मी टाळ्याच वाजवणार.

जुलै २०२१ पासून केंद्राच्या योजनांसाठी नवी पद्धत आली. राज्यात योजनेचं एकच मुख्य खातं, शाळेचं खातं झीरो बॅलन्स, शाळेला फक्त खर्चाची मर्यादा. सगळं पीएफएमएस नावाच्या पोर्टलवरून. व्हेंडरची नोंदणी करा, त्याचं बँक खातं पडताळून येईपर्यंत थांबा, मग ‘मेकर’नं व्हाउचर भरायचं आणि ‘चेकर’नं मंजूर करायचं. अरे, हे तर आमचंच सॉफ्टवेअर! मी जाम खूश.

“पुढचं ऐक,” मावशी म्हणाली.

मंजुरीनंतर पोर्टलमधून पीपीए, म्हणजे प्रिंट पेमेंट ॲडव्हाइस, निघायचा. त्याची प्रिंट काढायची, सह्या-शिक्के करायचे आणि मुदत संपायच्या आत बँकेत नेऊन द्यायची. शाळेत प्रिंटर नाही, रेंज फक्त खिडकीपाशी. त्यामुळे मावशी तालुक्याच्या सायबर कॅफेत. मेकर तीच, चेकरही तीच, कारण दुसरे गुरुजी चार वर्ग एकत्र बसवून शिकवत असायचे. एकाचं काम दुसऱ्यानं तपासावं म्हणून दोन लॉगिन. इथे दोन्ही पासवर्ड एकाच वहीच्या मागच्या पानावर, आणि वही कॅफेवाल्याच्या टेबलावर!

त्यातच मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ तुटला. गावातल्या प्लंबरचं काम ७०० रुपयांचं. त्याला पोर्टलवर घ्यायचं तर पासबुकाची झेरॉक्स हवी, पक्कं बिल हवं. तो म्हणाला, “बाई, सातशेसाठी माझा दिवस जाईल की. राहू द्या.” दोन दिवस मुली बादलीनं पाणी नेत होत्या. शेवटी मावशीनं पर्समधून पैसे दिले. खरं तर समग्र शिक्षा योजनेच्या शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवरच खर्च करायचा, असा नियम होता. पैसे होते हो, हात पोचत नव्हता.

“असे पर्समधून किती गेले?” मी विचारलं.

“हिशेब ठेवला असता तर वाईट वाटलं असतं.”

जुनी चेकबुकं परत आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. पैसे थेट व्हेंडरच्या खात्यात जातात, कुणाला आणि कधी गेले ते पुसता येत नाही, हे फार मोठं काम झालंय. माझा राग डिझाइनवर आहे. आमच्या ऑफिसात साध्या समोशांसाठी पेटी कॅश असते. शाळेतल्या नळाला मात्र मोठ्या टेंडरची शिस्त. शिवाय हे सगळं क्लिक करणार कोण? असल्या छोट्या शाळेत क्लार्कच नसतो. पोर्टलपुढे गेलेला प्रत्येक तास कुठल्या तरी वर्गाच्या गणितातून वजा होतो.

माझ्या मते केंद्रशाळेत एक ऑपरेटर बसवावा. आसपासच्या सगळ्या शाळांचे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, स्टेशनरीवाले त्यानं एकदाच नोंदवावेत. मुख्याध्यापकांनी मोबाइलवरून फक्त मंजुरी द्यावी, आणि किरकोळ खर्चासाठी थोडी रक्कम आगाऊ मिळावी. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही. मोठ्या उत्साहानं हे मावशीला सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “त्या ऑपरेटरचा पगार कुठल्या हेडमधून?”