आभाळाला विरजण : कृत्रिम पावसाची ओळ ठरावातून काढा



जिल्हा बैठकीपुढे येणाऱ्या ठरावांचा कागद माझ्यासमोर आहे. तीन तालुक्यांच्या ठरावांत एक ओळ सारखीच आहे. पावसाचा खंड पडताच शासनाने विमानाने कृत्रिम पाऊस पाडावा, ही ती ओळ. ती लिहिणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण कापसाच्या भावाची मागणी करताना आपण बियाण्यापासून वेचणीपर्यंत पै-पैचा खर्च मांडतो. तसा हिशेब या मागणीचा कोणी मांडलेला नाही. तो मी मांडतो, आणि मग ओळ ठेवायची की खोडायची ते बैठकीने ठरवावे.

२०१९ च्या ऑगस्टात औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, ही विमाने उडत होती. आमच्या शिवारावरून एक गेले तेव्हा मी बांधावर उभा होतो. कापूस पात्यावर होता, दुपारी पाने माना टाकत होती, काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा. पोरे विमानामागे धावली. म्हातारी माणसे ओसरीवरून आभाळाकडे बघत बसली. आमच्या रानात थेंब पडला नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, कोणी विमान पाठवले नसताना, आभाळ फाटले. वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला, ज्वारीच्या कणसांना कोंब आले. तेव्हा पाऊस थांबवणारे विमान कोणाकडेच नव्हते.

आता हे तंत्र काय आहे ते बघू. उद्याचे तंत्रज्ञान म्हणून जे आपल्याला दाखवतात ते पाऊणशे वर्षांहून जुने आहे. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर याने विमानातून ढगावर कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिमकण पडले. पुढे कोरड्या बर्फाच्या जागी सिल्व्हर आयोडाइड आले. ढगाच्या थंड भागात गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेले पाणी असते, ते या कणांभोवती गोठते, जड होते आणि खाली येते. ढग तेवढा उंच आणि थंड नसेल तर मिठाचे बारीक कण सोडतात, त्यांच्याभोवती पाणी जमून थेंब मोठे होतात. म्हणजे हे विरजण आहे. दूध असेल तर दही लागेल. रिकाम्या भांड्याला कितीही विरजण लावा, काय होणार?

आपल्याकडे खंड पडतो तो नेमका ढगांत पाणी नसते म्हणून पडतो. हे ज्याला कळले त्याला पुढचे सगळे कळले. या तंत्राला ज्या दिवशी ढग चांगले लागतात, त्या दिवशी आपल्याला त्याची गरज नसते. गरज असते त्या दिवशी आभाळ कापसासारखे पांढरे आणि कोरडे. दिल्लीने २०२५ मध्ये हा अनुभव घेतला. २८ ऑक्टोबरला प्रदूषण धुवायला कानपूरच्या आयआयटीचे विमान उडाले, ढगांत ओल फार कमी होती, पाऊस म्हणावा असा पडला नाही. तिथे निदान कोणाचे पीक वाळत नव्हते.

मग शास्त्रज्ञ खोटे बोलतात का? नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ पासून १९८६ पर्यंत, मधली काही वर्षे सोडून, अकरा हंगाम बारामती भागात मिठाचा प्रयोग केला आणि पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचे मांडले. अकरा हंगाम! कारण नैसर्गिक पाऊसच इतका कमी-जास्त होतो की वाढ खरी की योगायोग, हे कळायला तेवढी वर्षे लागतात. आणि इथे संध्याकाळी विमान उतरले की सकाळी अमुक मंडळात पाऊस झाल्याचे सांगतात. तो पाऊस विमानाने पाडला की तो येणारच होता, हे एका दिवसात सांगणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे, प्रसिद्धी अधिकारी असतो.

त्याच संस्थेने २०१७ ते २०१९ या काळात सोलापुरात पुन्हा काटेकोर प्रयोग केला. २७६ ढग तपासले, काहींवर फवारणी केली, काही तुलनेसाठी तसेच सोडले. शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. जादा पाणी भरले ८६ कोटी ७० लाख लिटर. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण त्याच पट्ट्यावर तो पसरून बघा : पावणेनऊ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. भर वाढीतल्या कापसाला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते. पंचवीस दिवसांच्या खंडात ही दोन दिवसांची सोय.

आणि खर्च? या पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे आल्याचे शास्त्रज्ञांनीच सांगितले आहे. एका एकराला ५० मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी म्हणजे दोन लाख लिटर. गुणाकार करा. छत्तीस हजार रुपये! २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे एका पाण्यापायी जवळजवळ साडेचार क्विंटल कापूस गेला. कोरडवाहू एकरात यापेक्षा जास्त किती जणांना होतो ते बैठकीत हात वर करून सांगा. देशी विमाने वापरली तर खर्च निम्म्यावर येईल म्हणतात. येऊ द्या. अठरा हजारांचे एक पाणी तरी कोणाच्या पिकाला परवडते?

हे पाणी परवडणारे लोक आहेत. शहराला पिण्यासाठी १८ पैसे लिटर स्वस्त आहे, उन्हाळ्यात टँकरचे पाणी काय भावाने जाते ते आठवा. संयुक्त अरब अमिरातीसारखा श्रीमंत, वाळवंटी देश हे करतो, कारण समुद्राचे पाणी गोडे करायला त्याला भरपूर पैसा लागतो. तेव्हा तंत्र व्यवहार्य आहे की नाही, असा नुसता प्रश्न विचारू नका. कोणाच्या वहीत व्यवहार्य, ते विचारा. महानगराच्या धरणावर हवे तर त्या महानगराने आपल्या पैशाने उडवावे. आमच्या दुष्काळाच्या नावावर खर्च टाकू नये.

२००३, २०१५, २०१९. हा खेळ महाराष्ट्रात वारंवार झाला. २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ३० कोटी मंजूर केले. विमान सगळ्यांना दिसते, हाच त्याचा मोठा गुण. शेततळे खड्ड्यात असते, ते मुंबईतून दिसत नाही. २०१६ च्या योजनेत एका शेततळ्याला जास्तीत जास्त ५० हजार मिळत. (अनुदान हा शब्द मला आवडत नाही, पण इथे सरकारच्याच एका खर्चाची दुसऱ्याशी तुलना चालली आहे.) तेवढ्या पैशात सहा हजार जणांना हा हातभार लागला असता. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल तळ्यात बाविसेक लाख लिटर मावते. निम्मे मुरले, उडाले धरा. तरी पाच एकरांना एक पाणी मिळते, आणि तेही आपण ठरवू त्या दिवशी. अस्तर घातले तर खर्च बराच वाढतो, आणि जूनचा एखादा दणका बसल्याशिवाय तळे भरत नाही, हेही खरे. पण तळे भरले की नाही ते काठीने मोजता येते. त्यासाठी अकरा हंगाम थांबावे लागत नाही.

नव्या यंत्रांना आपला विरोध नाही. मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, ते चांगलेच झाले. पण मंडळाच्या गावी बरसलेला पाऊस दहा किलोमीटरवरच्या रानात पडलेला नसतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवण्याची योजना जाहीर केली. हे यंत्र होण्यासारखे आहे, स्वस्त आहे, त्याला ढगांची मनधरणी करावी लागत नाही. ठरावात हे मागा.

माझी दुरुस्ती अशी : कृत्रिम पावसाची ओळ काढावी. तिच्या जागी, खंडासाठी म्हणून जो निधी निघेल तो शेततळी आणि गावोगावच्या पर्जन्यमापकांवर खर्च व्हावा, असे लिहावे. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या मंडळाचे पर्जन्यमापक गावापासून किती किलोमीटरवर आहे आणि गेल्या हंगामात त्याचा आकडा नि आपल्या रानातला पाऊस यांत काय फरक पडला, ते कागदावर लिहून आणावे.